येऊ?

१

कुत्रं आणायचं नाही हे त्या घरात तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, आणि तीन वर्षं मुंगी ते रोज नव्यानं विचारत होती. मुंगी नऊ वर्षांची. शाळेच्या पटावर तिला चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापानं मुंगी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कुत्र्याचं घोडं अडलं होतं ते तिच्या आईपाशी. आईला दमा. पर्समध्ये पंप, उशीखाली पंप, कामावरच्या टेबलाच्या खणात पंप. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की घरात केसाळ काही नको, पिसांचं काही नको, लव असलेलंही काही नको. म्हणजे कुत्रं गेलं, मांजर गेलं, ससा गेला, पोपट गेला. उरले मासे, आणि मासे एकदा आणून झाले होते. मुंगीनं आठवडाभर काचेला नाक लावून त्यांच्याकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"आपण घरी आलो हे त्यांना कळतच नाही. कुत्र्याला कळतं."

आईला हे वाक्य लागलं. त्याचं कारण होतं. मुंगी शाळेतून चार वाजून दहा मिनिटांनी घरी यायची, गळ्यातल्या किल्लीनं दार उघडायची आणि सव्वासहापर्यंत एकटी असायची. आई जवळच एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायच्या कामावर होती. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि शिडीवरून उतरला की सात वाजता घरी यायचा. रोज चार-दहाला दवाखान्यातला फोन वाजायचा आणि मुंगी म्हणायची, "आई, आले गं." आई म्हणायची, आलीस, दूध पी, दाराची कडी लाव. एवढंच. पण ते दोन तास आईच्या छातीवर दम्याहून जड बसायचे.

एका रविवारी दुपारी तिघं निघाली. नळाचे पाइप विकणाऱ्या एका दुकानाच्या मागे, दोन पायऱ्या उतरून, प्राण्यांचं दुकान होतं. आत ऊब होती, ओल्या मातीचा वास होता आणि मालक लोकरीची टोपी घालून असा हळू बोलत होता की जणू आतल्या खोलीत कुणी झोपलं असावं. त्यानं गोगलगायी दाखवल्या. काडीसारखे किडे दाखवले, ते काडीहून वेगळे ओळखण्यात बापाची दहा मिनिटं गेली. शंखातला खेकडा दाखवला. मुंगी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती. आपण आलो की ह्याला कळेल का? मालकानं तिचं फार लक्ष देऊन ऐकलं, इतकं लक्ष मोठी माणसं मुलांकडे देत नाहीत. मग पडद्यामागे जाऊन त्यानं काचेची एक पेटी आणली.

पेटीत माती होती. वीतभर जाडीची, काळी, एका कोपऱ्यात बोट जाईल एवढं बीळ. बाकी काही नाही.

"ह्याला केस नाहीत, पिसं नाहीत," मालक म्हणाला. "लाजाळू आहे. पण घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं त्याला."

बापानं पेटी उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं की झाकण कुठाय.

"लागत नाही. विचारल्याशिवाय बाहेर यायचं नाही ते. फार शहाणं आहे."

ह्यावर आईलाही हसू आलं. तिनं नकळत खोल श्वास घेतला. छातीत शिट्टी वाजली नाही, घसा खवखवला नाही, आणि पेटी त्यांच्या घरी आली.

२

पेटी बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या बुटक्या कपाटावर ठेवली, चपलांच्या वर. मुंगीचा आग्रह होता की आत येणारा माणूस पहिल्यांदा त्याला दिसला पाहिजे. तिच्या बापानं एका लाकडी पट्टीला निळा रंग देऊन पाटी तयार केली आणि नावासाठी जागा कोरी सोडली. तो म्हणाला, अजून पाहिलं नाही त्याला, उगाच नावं कशाला ठेवायची. आपल्या विनोदावर तो स्वतःच दोन दिवस हसत होता.

आईचं मत होतं की दुकानदारानं चक्क मातीची पेटी गळ्यात मारली. मुंगीला तसं बोलून दाखवायची तिची छाती नव्हती. मुंगी रोज पेटीत एका बशीत काहीबाही ठेवायची, सफरचंदाची फोड, पावाचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग. सकाळी बशी रिकामी असायची. बशीभोवतीची माती मात्र सपाट झालेली असायची, कुणी तळहातानं हलकेच थापल्यासारखी. आईनं मनाशी म्हटलं, मुंगीच थापत असेल. ठसा मुंगीच्या तळहाताएवढाच वाटत होता.

त्या घरात एक पद्धत होती. बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हणत नसे. निघणाऱ्यानं 'येऊ?' विचारायचं आणि घरात असेल त्यानं 'ये' म्हणायचं, तोपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. बाप त्याला गेटपास म्हणायचा. सकाळी सातला तो गेटपास घ्यायचा, आठला मुंगी. साडेआठला आई निघायची, आणि तिला 'ये' म्हणायला घरात कुणीच उरत नसे. इतकी वर्षं तिचं काही अडलं नव्हतं. आता मुंगीनं नियम काढला की आईनं पेटीला विचारून जायचं.

"ते उत्तर देणार आहे का?" आईनं विचारलं.

"विचारायला काय जातंय तुझं?"

तर आई पेटीला विचारायला लागली. कुलूप हातात, पर्स खांद्यावर आणि मातीच्या पेटीला 'येऊ?' करायचं. स्वतःचंच हसू यायचं. पण रिकाम्या घराला कुलूप लावताना जो एक ओशाळलेपणा वाटायचा, तो कमी झाला हेही खरं.

मुंगी खुलली. संध्याकाळी आई आली की ती दारात ताटकळलेली नसे. पेटीपुढे पाट टाकून बसलेली असे, कोपर कपाटावर, तोंड बिळाजवळ, आणि सगळा दिवस बारीक आवाजात सांगत असे. रस्त्यावर काय होतं, जिन्यात कोण भेटलं, बाईंनी काय शिकवलं. आईकडे बघून हसायची आणि परत बोलायला लागायची. दोन आठवडे असे गेले. मग एका दिवशी चार-दहाला दवाखान्यातला फोन वाजला नाही. आईनं साडेचारला घरी लावला तर मुंगी म्हणाली, अगं विसरलेच, आलेय मी. दुसऱ्या दिवशीही विसरली. तिसऱ्या दिवशी आईनं लावला नाही. मुलगी रमली, जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

३

दवाखान्यात तिला सगळे कानवाल्या बाई म्हणत. तिची खोली दोन भागांची होती. एका बाजूला टेबल, त्यावर यंत्र, फोन आणि एक छोटा हिरवा दिवा. दुसऱ्या बाजूला जाड काचेची खिडकी असलेली लहानशी बंद खोली, आतून फोम लावलेली, जिच्यात बाहेरचा आवाज जात नाही आणि आतला बाहेर येत नाही. तपासायच्या माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, हातात बटण. इकडून शिट्टी वाजवायची, मोठी, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं, की टेबलावर दिवा लागतो, यंत्र सुरू असो वा नसो.

ह्या कामात एक गोष्ट तिला पहिल्या महिन्यातच कळली होती. माणसं शिट्टी नसतानाही बटण दाबतात. ज्याला ऐकू यावंसं फार वाटतं तो तर हमखास दाबतो. म्हणून नियम होता. तीनपैकी दोनदा ऐकू आलं तर ते ऐकू आलं म्हणायचं. एकदा आलेलं धरायचं नाही.

म्हणून त्या सोमवारी साडेआठला ती पेटीला 'येऊ?' म्हणाली आणि मागून कुणीतरी 'ये' म्हटलं, तेव्हा तिनं ते धरलं नाही. हातातलं कुलूप तसंच राहिलं, एवढंच. खोलीत ऊन होतं. चपला जागच्या जागी होत्या. बाजूच्या घरात कुणी बोललं असेल, नळात हवा भरली असेल. आवाज किती बारीक होता हे तिला सवयीनं कळलं, पानं सळसळावीत तेवढा. पण कुठून आला ते नीट कळलं नाही, आणि दिशा न कळणारे आवाज बहुधा आपल्या डोक्यातलेच असतात. असं तीच रोज लोकांना सांगायची.

मंगळवारी ती मुद्दाम दोन क्षण थांबली. काही नाही. ती स्वतःवर हसली आणि दिवसभर हलकी होती.

बुधवारी ती घाईत होती. दार ओढता ओढता तोंडातून 'येऊ?' गेलं आणि लगेच, अगदी गृहिणीनं ओट्यापाशी उभं राहून म्हणावं तसं, मान न वळवता म्हणावं तसं, उत्तर आलं.

"ये."

तो तिचा स्वतःचा आवाज होता. रोज सकाळी ती मुंगीला म्हणायची तेच 'ये', तसंच शेवटाला थोडं ओढलेलं. तिनं दार लावलं, कुलूप घातलं, जिना उतरली, आणि खाली आल्यावर तिला कळलं की आपण पंप शोधतोय. तीनपैकी दोनदा झालं होतं.

४

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवल्यावर आणखी काय होणार. पण तिचा चेहरा पाहून तो पेटीपाशी गेला, पाटीच्या पट्टीनं बिळाच्या कडेची माती उकरून पाहिली. दोन बोटं माती उकरली तरी माती. बीळ मात्र आता मुठीएवढं झालं होतं. तो पट्टी पुसत म्हणाला की ते दुकान रविवारीच उघडतं, तेव्हा परत देऊन टाकू, हवं तर गोगलगायी आणू. मुंगीला तो सांगेल. मुंगीला सांगायची गोष्ट निघाली की हा माणूस नेहमी पुढे व्हायचा आणि ऐन वेळी शिडीवर असायचा.

गुरुवारी शाळा अर्धीच होती. आईनं मुंगीला दवाखान्यात बोलावलं. घरापासून दहा मिनिटांची वाट, तिच्या पायाखालची. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती, तेव्हा आई सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, चल, तुझे कान बघू. मुंगी खूश झाली. आत जाऊन बसली, पण बसायच्या आधी तिनं खिडकीला नाक लावलं आणि काचेवर वाफेचा गोल उमटवला. जिथं काच तिथं मुंगीचं नाक, हे ठरलेलं होतं.

शिट्ट्या तिला सगळ्या ऐकू आल्या. यंत्रातली सगळ्यात बारीकही आली. आईनं यंत्र बंद केलं, आणि दिवा लागला.

ती थांबली. यंत्रावरचे सगळे आकडे शून्यावर होते. दिवा विझला, आणि परत लागला. तिनं उठून ते जाड दार उघडलं.

"काय ऐकलंस आता?"

"ते विचारतंय," मुंगी म्हणाली. "त्याला 'ये' कधीचंच येतं, मी शिकवलं. 'येऊ' येत नव्हतं. आता तेही आलं."

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

"मी कशी म्हणणार?" मुंगीला प्रश्नच बावळटपणाचा वाटला. "मोठ्या माणसाला विचारायचं असतं ना. मी नुसती शिकवते."

आईनं तिच्या कानांवरचे हेडफोन काढले. तिनं मुलीला जवळ घेतलं आणि मनाशी पक्कं केलं की रविवारपर्यंत तोंडाला कुलूप. कुणी काही विचारलं तर मान वळवून बघायचं, मगच बोलायचं. अवघे दोन दिवस काढायचे होते.

५

शुक्रवारी सकाळी नवरा सातला गेला. तिनं दारापर्यंत जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून 'ये' म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, काय गं, युद्धावर चाललोय का. पेटीवर तिनं रात्रीच चादर टाकली होती. मुंगी उठली, न्हाली, खोलीत कपडे घालत होती. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि तेच वाईट झालं. कारण आपले हात रोजचं काम करायला लागले की आपण तिथं नसतो.

ती ओट्यापाशी होती. नळ सुरू होता. भांडं घासता घासता ती एका म्हाताऱ्या पेशंटचा विचार करत होती, ज्याला फक्त बायकोचाच आवाज ऐकू येत नसे आणि त्यात कानाचा दोष काहीच सापडत नव्हता. मागून आवाज आला.

"आई, येऊ?"

"ये," ती म्हणाली.

बाहेरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला. मग तिच्या हातातलं भांडं खाली बेसिनमध्ये पडलं. तिनं मान वळवली नव्हती. बघितलं नव्हतं. नळ बंद करून ती बाहेरच्या खोलीत धावली. तिथं कुणी नव्हतं. पेटीवरची चादर खाली पडली होती. बीळ नाहीसं झालं होतं, आणि माती मधोमध खचली होती, कुणी बराच वेळ बसून नुकतंच उठावं तशी. कपाटाखाली मुंगीचे बूट नव्हते. खुंटीवर दप्तर नव्हतं.

गेली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मुंगीनं विचारलं, मी 'ये' म्हटलं, मुंगी शाळेत गेली. सोपं आहे. ती जिन्यात डोकावली. खालच्या वळणावर दप्तराचा एक कोपरा आणि वेणीचं टोक दिसलं न दिसलं, आणि गेलं. तिचा श्वास जरा खाली बसला.

"आई, वेणी."

आतल्या खोलीच्या दारात मुंगी उभी होती. अंगात शाळेचे कपडे, केस मोकळे, हातात कंगवा.

आईनं धावत जाऊन तिला कवटाळलं. कपडे दमट लागले. तिनं विचारलं की दोरीवरचे ओले का घातलेस, तर मुंगी म्हणाली, कपाटातले नव्हते. नव्हतेच. बूट नव्हते, दप्तर नव्हतं, कपाटातले कपडे नव्हते, फितीसुद्धा नव्हत्या. ते सगळं घालून कुणीतरी जिना उतरून गेलं होतं आणि त्याला जायला आपण 'ये' म्हटलं होतं. आईच्या मनात एकच गोष्ट लखलखत होती की आपली पोर आपल्या हातात आहे. ते गेलं, तर जाऊ दे.

तिनं मुंगीची वेणी घातली. आज सकाळी आधी एकदा घातली होती की नाही, हे तिला आठवेना. हात रोज घालतात, त्यामुळे आज घातली की काल, हे हातांना सांगता येत नाही. मुंगी अगदी स्थिर बसली होती. एरवी ती केस ओढले जातात म्हणून कटकट करायची.

६

आईनं तिला शाळेत पाठवलं नाही. घरातही ठेवलं नाही. घरातल्या चपला घालून, तिचा हात घट्ट धरून तिला दवाखान्यात आणलं. नवऱ्याला तीनदा फोन केला, तो शिडीवर असणार. शाळेला फोन करावा असंही वाटलं, पण सांगायचं काय? मुलगी माझ्याजवळ आहे, तेव्हा तिची काळजी नसावी? दवाखान्यातली शिपाईण म्हणाली, काय गं पोरी, आज आईला कामात मदत का, आणि मुंगी हसली. सकाळचे पेशंट आईनं कसेबसे उरकले. मुंगी कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसून होती आणि आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

दुपारनंतर पेशंट संपले. तेव्हा आईनं तिला काचेच्या खोलीत बसवलं. तिथं बाहेरचं काहीही पोचत नाही. यंत्र बंद, हेडफोन खुंटीला, ते जाड दार लावलेलं. आता कुणीही काही विचारलं तरी मुलीला ऐकू जाणार नव्हतं. आई इकडे टेबलापाशी बसली. तिकडे दिव्याखाली मुंगी. पहिल्यांदाच दिवसभरात तिला मोकळा श्वास आला. काच स्वच्छ होती. बराच वेळ ती मुलीकडे बघत राहिली, आणि काच स्वच्छ का आहे हा प्रश्न हळूहळू, पाणी झिरपावं तसा, तिच्या मनात उतरला.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"आई, आले गं."

आईनं काचेकडे पाहिलं. मुंगी तिच्याकडेच बघत होती, ओठ मिटलेले.

"आई? ऐकतेस ना? ते नाहीये गं." फोनवरचा आवाज रडवेला झाला. "पेटीत कुणीच नाही. मी सगळं शोधलं. तू दिलंस का त्याला परत? मला न विचारता?"

सकाळ आईपुढे नीट, एकेक करत, मांडली जात होती. बूट, दप्तर, कपाटातले कोरडे कपडे, फिती. शाळेत जाणारी मुलगी हेच तर घेऊन जाते. दारापाशी उभी राहून मुंगीनं रोजच्यासारखं विचारलं होतं, आणि त्याच वेळी, चादरीखालून, त्याच शब्दात, त्याच आवाजात, आणखी कुणीतरी विचारलं होतं. 'ये' एकच होतं. एकीला त्यानं जायला मिळालं आणि एकीला यायला. दोघींनी ते आपापलं घेतलं होतं.

की हे सगळं उलटं होतं, आणि हा रडणारा आवाज शिकवलेला होता? तिनं काचेपलीकडच्या चेहऱ्यात आपली मुलगी शोधली. गालावरचा तीळ होता. वेणी तिच्याच हातची होती. आत बसलेल्या मुलीनं बटण कधी हातात घेतलं होतं कुणास ठाऊक, पण ते तिच्या हातात होतं.

"आई, बोल ना. तू आज चिडलीयस का माझ्यावर?" फोनवरची मुंगी आता खरंच रडत होती, नाक ओढत, शब्द गिळत. "मला इथं एकटं नाही बसायचं. मी येऊ तुझ्याकडे?"

आईला कधीच इतकी भीती वाटली नव्हती, आणि कधीच इतकी माया दाटून आली नव्हती. तीन वर्षं ही पोर रिकाम्या घरात आली होती, तीन वर्षं तिनं फक्त एवढंच मागितलं होतं की आपण आलेलं कुणाला तरी कळावं. तिला नाही म्हणणं आईच्यानं होणार नव्हतं. तिनं खुर्ची फिरवली. काचेकडे पूर्ण पाठ केली, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरला, आणि इतक्या हळू, की तिचं तिलाही जेमतेम ऐकू आलं असेल, फोनमध्ये म्हणाली,

"ये."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. ती थोडा वेळ तशीच पाठमोरी बसून राहिली. मग वळली.

टेबलावरचा हिरवा दिवा लागलेला होता. लुकलुकत नव्हता, थरथरत नव्हता. ज्यांना नक्की ऐकू आलेलं असतं ती माणसं बटण असंच दाबतात, एकदाच आणि ठाम.